वलीम्याचं आईस्क्रीम आणि शिडाची होडी

कासुर्डी,
मे २००६

सौ. नीलमला खुर्शिदचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे आज आहोत; गेल्या रविवारी नव्हतो. तुझी, संपतरावांची आणि तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची तब्येत वेगवेगळी कळव. नुसतं ‘सगळे ठीक’ लिहिलंस तर मी ते पत्र धरणार नाही.

तर माझी नणंद सुहाना वडगाव रासाईला दिली. निकाहाच्या जेवणात नवरदेवाचे थोरले चुलते अयुबचाचा (सत्तरी ओलांडलेले, तोंडात एकही दात नाही, पण नावं ठेवायला दात लागत नाहीत) सगळ्यांदेखत म्हणाले, मटण कच्चं आहे. माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मी, तिथंच खाली बसल्या. ते बघून ह्यांना चेव आला आणि ह्यांनी भर मांडवात जाहीर केलं, की वलीम्याला आईस्क्रीम आमच्याकडून! आता वलीमा ही मुलाकडची मेजवानी, ती नदीपलीकडं वडगावात, आणि तिथं दुपारभर वीज नसते. सुहाना नव्या नवरीसारखी मान खाली घालून बसली होती, पण त्या खालच्या मानेनंसुद्धा भावाला गप्प बसायच्या खुणा करत होती.

पण ह्यांचं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान पडलं ना. शिवाय ह्यांच्याकडं एक शिडाची होडी आहे. (पुण्याच्या कुठल्याशा क्लबानं भंगारात काढलेली. आजवर तिच्यात आमच्या कोंबड्या अंडी घालत होत्या.) पुलावरून फेऱ्यानं टेम्पो नेला तर उन्हात सगळं पाणी होणार, बंधाऱ्यानं नदी तुडुंब आहे, सरळ पाण्यातून जाऊ, असा हिशेब. मग माझ्या माहेरचा फ्रिज, ज्याला मी झालरीचा झगा शिवला होता तो, होडीच्या मधोमध उभा करून दोरखंडानं आवळला. आत आईस्क्रीम ठासलं, शेजारी इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या. निघण्याआधी ह्यांनी आम्हाला भाषण दिलं: फ्रिज सुरू होताना बॅटरीला दांडगा हिसका देतो, मग गुमान चालतो, म्हणून दार उघडायचं नाही, गरम काही आत ठेवायचं नाही, इन्व्हर्टरला दुसरं काही जोडायचं नाही. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

हे शिडाच्या दोरीशी झटत होते तेवढ्यात धाकट्या दिरानं, सोहेबनं, टेपरेकॉर्डर जोडला. (लग्नाची होडी मुकी कशी न्यायची, हे त्याचं म्हणणं.) अम्मींचा आपल्याच पोराच्या फ्रिजवर विश्वास नाही, म्हणून त्या घटकाघटकाला दार उघडून आत हात घालायच्या आणि “गार हाय, गार हाय” असं सांगायच्या. आणि नीलम, त्यांनी शीरखुर्म्याचं उकळतं पातेलं पदराखाली आणलं होतं, तेही कधी आत सरकवलं कळलं नाही. फ्रिज बिचारा धापा टाकायला लागला. मधल्या धारेत इन्व्हर्टर टुई टुई ओरडला आणि मेला. त्याच सुमारास वारा पडला आणि होडी जलपर्णीत जाऊन रुतली. ह्यांनी दार उघडून पातेलं पाहिलं. ह्यांचं तोंड मी तुला लिहून दाखवू शकत नाही.

आईस्क्रीम डोळ्यांदेखत खचत होतं. अम्मी रडायला लागल्या, “माझ्या पोरीचं नाक गेलं गं सासरी!” ते बघून माझं हसूच मावळलं. काठावर वडगावची माणसं जमली, आणि ज्ञानू कोळ्याच्या होडीतून आमच्याकडं आलं कोण? अयुबचाचा! काठी टेकून उभे.

“काय भानगड हाय?” ते म्हणाले.

अम्मींनी डोळे पुसले, पेल्यात कोमट शीरखुर्मा घातला, वरून वितळलेलं आईस्क्रीम ओतलं आणि पेला त्यांच्या हातात दिला. चाचा प्यायले. थांबले. परत प्यायले.

“ह्ये काय म्हणायचं?”

“आमच्याकडं लग्नात असंच देत्यात, चाचा,” मी म्हणाले. (माझ्याकडं बघू नकोस, तोंडातून निघून गेलं.)

त्यांनी पेला पुढं केला. “लई लगीनं खाल्ली. सगळे चावायचंच वाढत्यात. म्हाताऱ्याचा इचार आजवर कुणी केला न्हाई.” आणि नीलम, त्यांचे डोळे भरले!

मग ज्ञानूनं आमची होडी ओढून काठाला लावली. मांडवात सगळ्यांना पेल्यातूनच वाढलं आणि पातेल्यापाशी डाव घेऊन खुद्द अयुबचाचा उभे, कुणाला कमी पडू देईनात. सुहाना पदरात तोंड घालून इतकी हसली, की सासू विचारायला लागली, पोरीला ठसका लागला का. अम्मी परत येताना शिडाखाली राणीसारख्या बसल्या होत्या.

तुझी,
खुर्शिद

ता. क. – फ्रिज अजून होडीतच आहे. नदीकाठच्या तीन लग्नांनी ‘कासुर्डी पद्धतीचं आईस्क्रीम’ सांगितलंय. आम्ही घरी माठातलं पाणी पितो.

ता. क. – मुद्द्याचं राहिलंच. इकडं वीज नियमित होणार अशी आवई उठलीय, ह्यांची झोप उडालीय. तुझे संपतराव वीजकचेरीत साहेब आहेत. लग्नसराई संपेपर्यंत वडगावची वीज जातच राहील एवढं बघायला सांग. कासुर्डीची मात्र नको, आम्हाला पंखा लागतो.