बगळ्याचा खेळ आणि हयातीचा दाखला

तीर्थस्वरूप मनकर्णाआक्कांना सुनिताचा वाकून नमस्कार. (वाकले आणि कुणाचा हात न धरता सरळही झाले. कारण पुढं येईलच.) तुमचे गुडघे, अभिमन्यूचं पित्त, सूनबाईंची भिशी, सगळं ठीक असेल अशी आशा करते. पुण्यात लेकाकडं नवव्या मजल्यावर वारा छान लागतो म्हणता, पण स्वेटर घालत जा. इकडची काळजी मुळीच करू नका, मी अगदी मजेत आहे. फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुमच्या घरी फोन स्पीकरवर ठेवतात आणि मी 'हॅलो' म्हटलं की चौघं एकदम 'बोला' म्हणतात. मग मला काही बोलता येत नाही.

तर आपल्या अंगणवाडीची हकीकत. तुम्ही मदतनीस म्हणून सव्वीस वर्षं जी खिचडी ढवळलीत ती आता मीच ढवळते (तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, अर्ज मागवलेत म्हणे). दिवाळी झाली, मुकादमांच्या गाड्या लागल्या आणि गाव ऊस तोडायला गेलं. पटावर एकतीस पोरं, दारात तीन. त्यातल्या दोघी बहिणी अंडं असेल त्याच दिवशी उगवतात. रोज येणारी एकटी चैताली, रामेश्वरची लेक. तुम्हाला आठवत असेल, सपाट जमिनीवर ठेच लागणारी. चार वर्षांची झाली तरी बसल्या जागी कलंडते. आई-बाप कर्नाटकात उसाच्या फडावर, ही आजीपाशी, म्हणजे भिवराबाईंपाशी. जाताना रामेश्वर मला म्हणाला, "बाई, फडावर समदीकडं कोयते पडल्याले असतेत. हिचा पाय कवा वाकडा पडंल सांगता येत न्हाई. तुमीच बघा." तेव्हा ही पोर पायावर घट्ट उभी करायचीच, असं मी मनावर घेतलं.

त्यातच आष्टीला आमचं प्रशिक्षण झालं. विषय, घरातल्या घरात मुलांचा तोल आणि पोट-कंबरेची ताकद वाढवायचे खेळ. खडूच्या रेषेवरून पावलापुढं पाऊल टाकत चालायचं, डोक्यावर डाळीची पुरचुंडी घेऊन खोली ओलांडायची, एका पायावर बगळा व्हायचं, आणि पोट आभाळाकडं करून हातापायांवर खेकड्यासारखं चालायचं. आता खेकडा करून दाखवायला मीच लागणार ना! (बावन्न वर्षांचा खेकडा, आक्का, साडीतला.) फळ्यापर्यंत गेले, तिथं कंबरेत उसण भरली आणि ना पुढं ना मागं. चैताली इतकी हसली की पडलीच. मी सवयीनं "आक्का" अशी हाक मारली. मग तुम्ही नाही हे आठवलं आणि पाच मिनिटं तशीच पत्र्याकडं बघत पडून राहिले. असो.

खरा घोळ पुढं झाला. वरून निरोप आला, खेळाचा व्हिडिओ टाका, त्यात किमान दहा लाभार्थी दिसले पाहिजेत. माझ्याकडं एक. तिलाच बगळा करून मोबाइल धरला, तेवढ्यात खिडकीतून शहादेवबप्पांनी पाहिलं. हे दिवस हयातीच्या दाखल्याचे. निराधारांच्या पगारासाठी म्हाताऱ्या माणसांना दरवर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. एका साली बोटाचे ठसे उमटेनात, दुसऱ्या साली मशीनला डोळा दिसेना. बप्पांनी ठरवलं की यंदा सरकारनं एका पायावर उभं राहायला लावलंय. तासाभरात चौदा म्हातारे-म्हाताऱ्या आधार कार्ड घेऊन दारात हजर. मी घसा फोडून सांगितलं, हे लेकरांचं आहे. तर बप्पा म्हणतात, "लेकरू पडतंय तरी त्याचा फोटू काढता, आन आमी जित्ते उभे हाय तर न्हाई म्हणता? कावून?" मग घेतलं सगळ्यांना. भिंतीला हात लावायचा नाही हा नियम बप्पांनी स्वतःच काढला आणि पहिला स्वतःच मोडला. एक आजी दोन्ही पाय टेकवून "एकच हाय, नीट बघा" म्हणून भांडत होती. चैताली मधोमध उभी राहून सगळ्यांना दरडावत होती, पोट आत घ्या म्हणून. व्हिडिओ पाठवला, वरून शाबासकीचा अंगठा आला. लाभार्थी दहाच्या वर होते, वय कुणी पाहिलं नाही.

दाखला दुसरीकडं मिळतो हे आता सगळ्यांना कळलंय, तरी रोज अकराला येतात. घरी कोण आहे त्यांना बोलायला? एक वाजता ते उठून गेले की मी चटया गुंडाळते, आणि मग मलाही कुणी नसतं. कुलूप लावताना अजून तोंडातून "चला आक्का" निघतं.

परवा भिवराबाई स्वतःच्याच उंबऱ्याला अडखळून पडल्या. हात मोडला. त्यांची लेक त्यांना सिरसाळ्याला घेऊन गेली. तिच्या दोन खोल्यांत आधीच सात माणसं, म्हणून चैताली सध्या माझ्याकडं झोपते. रामेश्वर तिला फडावर न्यायचं म्हणतोय. बघू काय ते. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, येण्याची तर काहीच गरज नाही.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना पापे.

तुमची
सुनिता

ता. क. चैताली काल बगळा करून बारा आकडे उभी राहिली. (तिला दहापर्यंतच येतात, पुढचे दोन मी मोजले.)

ता. क. २. रामेश्वर रविवारी तिला न्यायला येतोय. म्हणतो, एकट्या बाईपाशी चार महिने कशी ठेवू, रातीबेराती ताप आला तर? "मनकर्णामावशी असत्या तर डोळे झाकून ठिवली असती, मला त्यांनीच तर वाढीवलं." बारा आकडे उभं राहणारी पोर अजून फडावर नेण्याजोगी नाही, आक्का.

ता. क. ३. म्हणून मी त्याला सांगून टाकलंय, की मनकर्णामावशी शनिवारीच येताहेत. हे पत्र घेऊन आलेले शहादेवबप्पांचे जावई शनिवारी सकाळी गाडी घेऊन परत निघतील. त्यांना चहा पाजा आणि मागच्या सीटवर बसा.

ता. क. ४. सूनबाईंना पत्र वाचून दाखवायचं असेल तर माझ्या सहीपर्यंतच दाखवा. चैतालीसाठी खोटं बोलले हे खरं, पण निम्मंच खरं. मला एकटीला करमत नाही, आक्का. या.