आवर्तनाच्या पुढे

११ एप्रिल, राजूर

पोचले एकदाची. एसटीतून उतरले तर स्टँडसमोर आमचा टेम्पो उभा होता आणि हर्षलदादा टपावर चढून बॅनर बांधत होता. मला बघून वरूनच ओरडला, की ऑफिसातल्या बाई आल्या, खुर्ची आणा रे कुणीतरी. सगळे हसले. मीही हसले. संस्थेत लागून मला जेमतेम महिना झालाय. एवढ्यात आपली थट्टा करण्याइतकी ओळख झाली, याचं बरं वाटलं.

कल्पना हर्षलदादाची. मदत गोळा करायला लोक समुद्राच्या कडेकडेने दिवसच्या दिवस चालतात, हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही तर नाही, म्हणाला, प्रवरा तर आहे. म्हणून उद्या इथून निघून नदीच्या काठाकाठाने थेट गोदावरीच्या संगमापर्यंत जायचं. जमेल त्यातून इथल्या डोंगरातल्या वाड्यांसाठी रुग्णवाहिका घ्यायची. माझी आत्या इथल्याच एका वाडीत दिलेली. तिच्या सुनेला बाळंतपणात खाली आणायला जीप मिळेपर्यंत उशीर झाला. म्हणून मदत देणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलंय, की मी सगळी वाट पायी चालेन, टेम्पोत एकदाही बसणार नाही. तसं कुणी मागितलं नव्हतं. पण सांगितलंय.

वाटेत बेलापूरच्या अलीकडे नदीला लागूनच आमची वस्ती आहे. तिथे सगळ्यांना जेवू घालायचं आईने कबूल केलंय. तिला आतापासूनच काळजी, की भाकरी पुरतील का.

१२ एप्रिल, अकोले

पहिला दिवस पार पडला. शाळेच्या खोलीत उतरलोय. माझ्या शेजारी संस्कृती आहे. ती संगमनेरला फिजिओथेरपी शिकते आणि दर थोड्या वेळाने कुणाचे तरी पाय हातात घेऊन बसते. माझी टाच बघून म्हणाली, की एवढे कोवळे पाय घेऊन कुणी घराबाहेर पडतं का, तुझ्या आईने तुला शोकेसमध्ये ठेवली होती की काय.

तसं तिचं फार चुकलं नाही. लहानपणी मी सारखी आजारी असायचे आणि शाळा वस्तीपासून लांब, म्हणून चौथीपर्यंत आईनेच मला घरी शिकवलं. पाढे, शुद्धलेखन, आणि बाकीचंही: जेवताना बोलू नये, कुणाला रिकाम्या हाताने पाठवू नये, निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं. आणि बोललेलं पाळावं. हे शेवटचं मी जरा जास्तच मनावर घेतलं, असं आईच म्हणते.

खूप दमलेय. पण चांगलं दमलेय.

१३ एप्रिल, संगमनेरच्या अलीकडे

आज नदी जवळजवळ कोरडी होती. पात्रात वाळू उपसल्याचे खड्डे आणि दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ. दुपारी मी मागे पडले. माझ्या बाटलीतलं पाणी संपलं होतं, आणि पुढच्यांना हाक मारून थांबवायला लाज वाटली.

एका वळणावर पात्रात एक म्हातारी बसलेली दिसली. तिने वाळूत झिरा खणला होता, आणि त्यात हळूहळू साठणारं पाणी वाटीने हंड्यात भरत होती. मला बघून तिने हातानेच बस म्हणून खुणावलं आणि वाटी पुढे केली. इतकं गार पाणी मी कधी प्यायले नाही. 'कुनाची गं तू?' म्हणाली. मी सांगितलं. कुठे चाललो, कशासाठी, तेही सांगितलं. तिला नीट कळलं नसावं. माझ्या पायांकडे बघत म्हणाली, लई चालतीस बाई, बस की वाईच. मी म्हणाले, पुढे लोक थांबलेत. मग तिने विचारलं, 'माघारी येशील ना?'

मी उठता उठता म्हणाले, येते की मावशी. येते हं.

तिने मान डोलावली आणि हंडा बाजूला सारून जागा केली. आत्ताच कुणी बसणार असल्यासारखी.

१४ एप्रिल, संगमनेर

गावात जयंतीची धामधूम होती. निळे झेंडे, गाणी. चौकात आम्हाला बोलावून बोलावून सरबत दिलं. मंडपातल्या मुलांनी रुग्णवाहिकेसाठी डबा फिरवला.

बातमी अशी, की धरणातून आवर्तन सुटलंय. उन्हाळ्यात शेतीसाठी पाणी सोडतात ते. कोरड्या पात्रातून पाण्याचं तोंड माणसाच्या चालीने पुढे सरकतं, बंधाऱ्याला अडतं, तो भरला की पुन्हा निघतं. म्हणजे ते आमच्या मागून येतंय. हर्षलदादा म्हणाला, त्यालाही आपल्यात घ्या आणि एक टी-शर्ट द्या.

आज पाय फार जड होते. संस्कृती म्हणाली, पहिल्या दिवसांत असंच होतं. मला एक विचित्र जाणवलं, पण सांगितलं नाही. मी मागे वळून, आलो त्या दिशेला तोंड करून उभी राहिले, की पाय हलके होतात.

१५ एप्रिल, आश्वी

कालचं खरंच तसं होतं का, म्हणून आज नीट पाहिलं. होतं. पुढे चालताना कुणी साडीचा पदर धरून ओढावं तसं. मी साडी नेसलेली नाही. वळलं की काही नाही. संस्कृतीने मला उलटी फिरताना पाहिलं आणि विचारलं, मागे काय विसरलीस?

सगळेच दमलेत. आता कुणी गाणी म्हणत नाही. जेवताना पाण्याबरोबर फिरणारे पाटकरी आले होते, अजिनाथ नावाचे. पाण्याचं तोंड कुठवर आलं ते बघत मोटारसायकलवरून काठाने येतात. तक्रार करत होते, की एक म्हातारी पाण्याच्या पुढं पुढं पात्रातून चालतीय, ओरडून ओरडून घसा बसला, बाजूला व्हायला तयार न्हाई. मरायचंय का म्हनलं, तर म्हनती पोरीकडं चाललीय.

हर्षलदादा म्हणाला, वा, आमच्यात भर पडली.

मी जेवण टाकलं. आई रागावली असती.

१६ एप्रिल, कोल्हार

संध्याकाळी रतनबाईंच्या खानावळीत जेवलो. त्यांचं माहेर त्या वळणाजवळच्या गावातलं, असं बोलण्यात आलं. मी झिऱ्यावरच्या म्हातारीची चौकशी केली. रतनबाईंची भाकरी तव्यावर तशीच राहिली.

त्यांनी सांगितलं ते असं. गोजरबाई नावाची एक बाई होती. तिची एकुलती पोर चांगुणा, 'आई, येते गं' म्हणून कोरड्या पात्रातून पलीकडे गेली, आणि त्याच दिवशी पाणी सुटलं. पोर सापडली नाही. गोजरबाई नदीतच बसून राहायला लागली. म्हणायची, येते म्हनलीय, येईल. पुढच्या एका आवर्तनात तीही गेली. रतनबाई तेव्हा परकरात होत्या.

मग मला विचारलं, तू काय म्हनलीस तिला? मी सांगितलं. भाकरी जळाली. शेवटी म्हणाल्या, 'आमी तिथनं तोंड मिटून उठतो गं बाई. येते न्हाई, जाते न्हाई, काय बी न्हाई.'

हर्षलदादाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. ऊन लागलंय, म्हणाला, उद्या सगळ्यांनाच विश्रांती आहे, झोप काढ, आणि परवापासून टेम्पोत बस. मी म्हणाले, टेम्पोत बसणार नाही. शब्द दिलाय.

आणि हे बोलताना कळलं, की शब्द मी दोघांना दिलाय.

१७ एप्रिल, कोल्हार

म्हणून आज गेले. विश्रांतीचा दिवस होता, चालण्याची वाट चुकवली नाही. सकाळच्या एसटीने संगमनेर, तिथून रिक्षा. वाटलं, दोन मिनिटं बसेन, पाणी पिईन, आणि तोंड मिटून उठेन. मग झालं.

वळणावर पाणीच पाणी. गढूळ, कडेला फेस आणि काटक्या. झिरा कुठे होता तेही ओळखू येईना. काठावर उभं राहून मी मोठ्याने म्हणाले, की मावशी, मी आलेय. दोनदा म्हणाले. शेळ्या चारणारा एक माणूस बघत राहिला. म्हणाला, 'म्हातारी इथं कुठली? ती तर गेली की खाली.'

मी आले होते. पण उशिरा आले, आणि ती निघून गेली होती. येताना एसटी नदीच्या पुलावरून गेली. खाली पात्र कोरडं होतं, आणि मी खिडकीतून खाली बघितलं नाही.

बघायला हवं होतं का?

१८ एप्रिल, वाटेत, एका शाळेत

फार थोडं चाललो तरी संपले. पाय उचलावा लागतो, आणि मग दुसरा. संस्कृतीने पिंडऱ्या दाबल्या आणि विचारलं, तू पाण्यातून आलीस का. चपला ओल्या होत्या. बोटांमध्ये बारीक वाळू. मी पाण्यात गेलेच नाही.

अजिनाथ भेटले. कोल्हारचा बंधारा भरून पाणी पुढे निघालंय. म्हातारी? ती पुढंच हाय, म्हणाले. आता ओरडायचं सोडलं मी. तुमच्यापैकीच कुणाची हाय का? लई चौकशी करती. दमलेल्या पायाची पोरगी कुठवर गेली, इचारती.

उद्या घर.

घरी जाऊ नये, असं वाटतंय. पण आईने सगळ्यांचं जेवण कबूल केलंय. आणि वाट तिथूनच जाते. आणि मी इतकी दमलेय, की मला आई हवीय.

१९ एप्रिल, आमची वस्ती, सकाळ

पोचलो. कडुनिंबाखाली सगळे आडवे झालेत. आई प्रत्येकाला आग्रह करतेय, हर्षलदादाला म्हणाली, एवढा मोठा माणूस आणि चिमणीएवढं खातोस. मला जवळ घेतलं, कपाळाला हात लावला. मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता, म्हणून नाही सांगितलं.

आतल्या खोलीत पडून लिहितेय. बाहेर आई कुणाला तरी आनंदाने सांगतेय, की पाणी आलं बरं का, ऊस वाचला. नदीत आलं, म्हणजे आता—

दुपार

आई आत येऊन सांगून गेली. बाहेर एक म्हातारी आलीय. लांबून चालत, पाय ओले. नाव माहीत नाही म्हणते, 'तुमची पोरगी' म्हणते. आईने तिला ओट्यावर बसवलं, गूळ-पाणी दिलं. कुणाला रिकाम्या हाताने—

सगळे झोपलेत. मी संस्कृतीला खिडकीतून हाक मारली. हलली नाही. झोपेत तिची बोटं वाळू चाचपतायत.

ऐकू येतंय. म्हातारी माझं कौतुक करतेय. लई गुनाची हाय, म्हणते, दिला शब्द मोडायची न्हाई. आई खूश. आई म्हणते, मीच शिकवलंय हो तिला.

मी बाहेर गेले नाही तर—नाही जाणार. ती बसून बसून—

आता म्हातारी आईला म्हणतेय, पोरगी दमली असंल तर राहू दे. तूच चल की वाईच. बसाया.

आई हसली. म्हणाली, चला, नदीपर्यंत सोडते तुम्हाला. ओट्यावरून पाण्याचा ओघळ उंबऱ्यापर्यंत आलाय. आईच्या साडीचा काठ भिजलाय. तिला कळत नाही. उठतेय—

नाही. आईला नाही.

मी हाक मारली, आई तू थांब, मी सोडते मावशींना. म्हातारी म्हणाली, आली बघ.

चपला घालतेय. पाय हलके झालेत. पुढे निघताना, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

फक्त एक. दारातून जाताना आईला काय म्हणू? 'येते' म्हटलं, तर ती वाट बघेल. ती इथे ओट्यावर बसेल, मग काठावर, मग पात्रात—मी तिला ओळखते, ती बसेल—आणि दुसरा शब्द तिने मला कधी शिकवला नाही. तोंड मिटून जायचं. तोंड मिटून. तिच्याकडे न बघता.

आई दारात उभी आहे. विचारतेय, अगं, काही बोलशील की नाही, अशी न बोलता निघतं का कुणी घरातून, बोल की, नुसतं 'ये—