राहीच्या शाळेसाठी तीन शब्द

श्रीवर्धन,
२ मार्च २०२६, सोमवार

चि. सौ. आश्लेषा हिला अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल. सुपारी सोलून संपत आली. अण्णांचा गुडघा आणि अण्णांची बडबड, दोन्ही आहे तिथेच आहे.

राहीच्या बाईंना इंग्रजीत नसलेले आजीचे शब्द हवेत म्हणे. तीस वर्षं शाळेत शिकवलंय, पोतं भरून पाठवीन! पण तू तीनच मागितलेस, तर घे.

पहिला, सुपारी लागणे. ओली सुपारी खाल्ली की कधी कधी छातीत दाटतं, घाम फुटतो, गरगरतं. सलिलला लग्नाआधी तुमच्याकडे विडा खाऊन लागली होती आणि तुझ्या बाबांना वाटलं, जावई घाबरट आहे. हे बाईंना सांगू नकोस.

दुसरा, चुटपुट. तुम्हाला द्यायची कोकमं तुम्ही गेल्यावर फडताळात सापडली, तेव्हा मला लागली ती.

तिसरा, उष्टं. आपलं तोंड लागलेलं अन्न किंवा पाणी. सलिल त्याला 'लेफ्टओव्हर' म्हणतो, पण ते नुसतं उरलेलं झालं. उरलेलं कोणालाही देता येतं, उष्टं फक्त जिवाच्या माणसाला. राही तीन वर्षांची असताना माझा अर्धा खाल्लेला लाडू पळवायची, तसं.

इथवरचं इंग्रजी करून शाळेत दे. पुढचं फक्त तुझ्यासाठी आहे.

डिसेंबरात तुम्ही आलात तेव्हा राही रुसली होती, आठवतं? "आजी मला तिच्या ताटातलं देत नाही, तिच्या पेल्यातलं पाणी पिऊ देत नाही." तू हसून म्हणालीस, "आई, तुम्ही तर आमच्यापेक्षा साहेब झालात." मला दिवाळीपासून खोकला होता. सुपारी सोलायला येणारी क्रांती रोज म्हणायची, "वैनी, ह्यो धुळीचा खोकला न्हाय. डाक्टरला दाखवून या." मी तिलाच दटावलं. पण मनात धास्ती होती, म्हणून पेला वेगळा केला, ताट वेगळं केलं. वाटलं, उष्टं दिलं नाही की झालं.

आणि तेवीस रात्री तिला कुशीत घेऊन निजले. थंडी म्हणून खिडक्या लावून, एका गोधडीत, तोंडाजवळ तोंड नेऊन गोष्टी सांगत.

आश्लेषा, मला टीबी निघालाय. वर खुशाल लिहिलंय ते खोटं आहे. गेल्या मंगळवारी रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "आजी, हा उष्ट्यानं नाही पसरत. खोकल्यातून, हवेतून जातो." मग विचारलं, मधल्या काळात घरात लहान मूल राहिलं होतं का? मी नाही म्हणाले. शिकली-सवरलेली बाई मी, पण हो म्हणायला जीभच वळेना.

परवा फोनवर राही दोनदा खोकली. तू म्हणालीस, तिकडे थंडी आहे. आज सकाळी डॉक्टरांकडे परत जाऊन खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, मुलीला काही त्रास नसला तरी लगेच तपासा. लागण झाली असली तरी औषधानं बरी होते, पण उशीर करू नका.

तिथून आल्यावर तुला दोनदा फोन लावला आणि जेवलीस का विचारून ठेवला. म्हणून लिहितेय. कागदाचा फोटो मीच काढून आत्ता पाठवते, वाकडा आला तर समजून घे.

माझ्या गोळ्या सुरू झाल्या. अण्णांना तपासलं, ते ठीक आहेत. तुम्ही दोघंही तपासून घ्या. सलिलला तूच सांग, माझी हिंमत नाही. माझ्यावर चिडलीस तरी चालेल, वर्षभर बोलली नाहीस तरी चालेल, राहीला पुन्हा माझ्याजवळ निजू दिलं नाहीस तरी मी कारण विचारणार नाही. फक्त उद्या सकाळी शाळा बुडवून तिला डॉक्टरांकडे ने. आणि जे निघेल ते मला खरं सांग. मी खोटं बोलले म्हणून तू बोलू नकोस.

फोन यावा म्हणून आणि येऊ नये म्हणूनही देवापुढे हात जोडून बसलेली,
आई