पुढच्या खोलीचे दार आणि बुधवारचे वचन यांची व्यवस्था

मी, कौसल्या भ्र. उकंडराव खिल्लारे, वय सदुसष्ट, धर्म ख्रिस्ती, शिक्षण मॅट्रिक (दुसऱ्या खेपेस पास), धंदा घरकाम, राहणार अनसिंग, तालुका व जिल्हा वाशीम, आज हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. वाशीमच्या वकिलांनी दिलेल्या नमुन्यात "कोणत्याही भीतीवाचून" असे शब्द होते, ते मी गाळले आहेत. देवासमोर खोटे लिहिणे बरे नाही. मला भीती वाटते. येत्या शुक्रवारी, चौदा तारखेला, अकोल्याला माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन साधे आहे. साधे असते तर त्यांनी दोन-दोन सह्या कशाला घेतल्या असत्या?

कलम १. माझ्या देहाबद्दल. मला यजमानांच्या शेजारी पुरावे. पेटी साध्या फळ्यांची करावी, पॉलिश करू नये, मातीखाली ते कोणी पाहत नाही. नवी साडी आणू नये. कपाटात वरच्या खणात पांढरी सुती साडी धुऊन ठेवली आहे. जेवण घालायचे तर वरण-भात पुरे. पाळकसाहेबांनी लांब बोलू नये, लोक उन्हात उभे असतात.

कलम २. माझा मुलगा गणेश याला वाशीमचे दुकान यजमान असतानाच दिलेले आहे. आता त्याला शिलाई मशीन वगळता घरातले सर्व सामान, पितळेची भांडी आणि बँकेत ऑपरेशनचा खर्च भागून जे उरेल ते द्यावे. घर त्याला नाही. हे वाचून तो चिडेल. घर विकून टाकू असे तो दोन वर्षांपासून म्हणत आहे, गिऱ्हाईकही पाहून ठेवले आहे. गणेश, तू वाईट नाहीस, तुला घाई आहे. रागावलास तर रागाव, पण कोर्टात जाऊ नकोस. कारण पुढे लिहिले आहे ते पूर्ण वाच.

कलम ३. माझी नणंद तुळसाबाई हिला यजमानांची लाकडी खुर्ची द्यावी. मी चार वर्षांपासून त्या खुर्चीत बसून बायबल शिकवते आणि ती चार वर्षांपासून म्हणते की माझा खुलासा म्हणजे पाणी घातलेले ताक. आता तिने बसावे आणि घट्ट ताक पाजावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिला नाही म्हणायची हिंमत या गावात कोणाची नाही.

कलम ४. वह्या. लोखंडी पेटीत एकोणीस वह्या आहेत. त्या कशाच्या, हे परक्याला कळावे म्हणून लिहिते.

यजमान रेल्वेत गँगमन होते. आम्ही प्रभूकडे आलो तेव्हा मुले शाळेत जात होती. नावे मात्र त्यांनी कोणाची बदलली नाहीत. म्हणत, नाव बदलून माणूस बदलत असता तर काम सोपे झाले असते. दोन हजार सहा साली त्यांनी आमच्या पुढच्या खोलीत बुधवारचा वर्ग सुरू केला. बायबलातले प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, पहिल्या अध्यायाच्या पहिल्या वचनापासून. पहिली ख्रिस्ती मंडळी कशी होती ते पाहायचे, म्हणजे आपण कसे असावे ते कळेल. तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या, लोक घराघरांत जमत, भाकर मोडत, एकमेकांना सांभाळत. दर बुधवारी दुपारी तीन वाजता एक वचन, फार तर दोन. प्रत्येक वचनाला तीन प्रश्न: कोण बोलते, कोणाशी बोलते, आणि मग काय झाले. नियम दोन. पुढचे वचन आज वाचायचे नाही. आणि वचन सुरू असताना जागचे उठायचे नाही, कोणी बोलावो, काही होवो.

मला घरखर्च लिहायची सवय, तशी वर्गाचीही वही मी ठेवली. तारीख, वचन, वाचणाऱ्याचे नाव, हजर किती, प्रार्थना कोणासाठी, आणि शेवटचा रकाना व्यत्यय. वीज गेली, बकरी घुसली, सारे लिहिलेले आहे. या सगळ्या वह्यांत एकच नोंद खोटी आहे.

कलम ५. ती नोंद मी येथे दुरुस्त करते.

माझी मुलगी राखी हिने दोन हजार अकरा साली रिठदच्या हरीओमशी वाशीमला नोंदणी लग्न केले. आम्हाला विचारले नाही, कळवले. मुलगा शेतकऱ्याच्या घरचा, चांगला. पण यजमान सगळ्या वर्गासमोर बोलून गेले, "माह्या जिवात जीव हाय तवर तिनं हा उंबरठा ओलांडायचा नाही." शिकवणाऱ्याचा शब्द, मागे घेता येईना. आणि त्याच बुधवारपासून प्रार्थनेच्या रकान्यात त्यांनीच मला लिहायला सांगितले: राखीसाठी. चार वर्षे दर बुधवारी आम्ही ती परत यावी म्हणून प्रार्थना केली. तिच्यासाठी प्रार्थना करायची आणि दारही तिलाच बंद, यात काही चुकते आहे असे वर्गात कोणी म्हटले नाही. मीही नाही.

दोन हजार पंधराच्या मार्चमध्ये यजमानांचा डावा हात लुळा पडला. कान तर त्यांचे रुळांवर घण मारून आधीच गेलेले होते. तरी खुर्चीत बसून शिकवत.

बावीस एप्रिलचा बुधवार. ऊन फार, म्हणून दार लोटून कडी घातलेली. हजर नऊ. वचन बाराव्या अध्यायातले तेरावे. येशूचा शिष्य पेत्र कैदेतून सुटून येतो, मंडळी ज्या घरात त्याच्यासाठीच प्रार्थना करत बसली आहे त्या घराचे दार वाजवतो, आणि रुदा नावाची मुलगी कोण आहे ते पाहायला येते. वाचायची पाळी तुळसाबाईची. तिचे वाचून संपले आणि आमचेच दार वाजले.

"घ्या," तुळसाबाई म्हणाली, "पेत्र आला वाटते."

सगळ्या हसल्या. दारापाशी मी होते. खिडकीच्या फटीतून पाहिले. राखी होती. डोक्यावर ओला रुमाल, हातात पिशवी, कडेवर तीन वर्षांची पोर. ती पोर मी तोवर पाहिली नव्हती. तिचे कपाळ आमच्या घरचे आहे.

हसताना पाहून यजमानांनी विचारले, "कोण हाय?" मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले, त्या लुळ्या हाताकडे पाहिले. वाटले, आता दार उघडले तर हे सगळ्यांदेखत तिला जा म्हणतील. किंवा यांना पुन्हा झटका येईल. आणि मला कोणाच्या तरी बाजूला उभे राहावे लागेल. मी आयुष्यात कधी कोणाच्या बाजूला उभी राहिले नव्हते. मी म्हणाले, "कोणी नाही." त्यांना ऐकू यावे म्हणून मोठ्याने म्हणाले.

दार आणखी दोनदा वाजले. तुळसाबाई उठू लागली तर मी म्हणाले, वचन पुरे होऊ द्या, नियम आहे. ती बसली. मग दार वाजायचे थांबले. वहीत मी लिहिले: व्यत्यय, निरंक.

पेत्राला दार उघडतात ते सोळाव्या वचनात. आमच्या एकेका वचनाच्या चालीने तो आमच्या वर्गात तीन बुधवार बाहेर उभा राहिला. माझ्या लेकीला दहा वर्षे झाली.

आमच्या दारासमोर मुनाफभाईंचे घर. त्यांची बायको बदरुन्निसा दारातच मशीनवर ब्लाउज शिवत असते. संध्याकाळी तिने मला सांगितले, तुही पोरगी माह्याकडून पाणी पिऊन चारच्या गाडीनं गेली, बापाले पाहाले आली होती, नातीनं दोन गिलास पेले. मी तिला एवढेच विचारले की राखीला ऐकू गेले का.

"गल्लीतल्या कुत्र्यानं आयकलं भाभी," ती म्हणाली, "ते काहून आयकणार नाही?"

त्यानंतर बदरुन्निसाने तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. यजमान दोन हजार एकवीसच्या जानेवारीत गेले. राखी मातीला आली, कब्रस्तानच्या भिंतीपाशी उभी राहून गेली. आता तर मला अडवणारे कोणी नव्हते. तरी मी तिच्याकडे चालत गेले नाही. तिने ऐकले आहे, हेच मनात. तिने विचारले असते तर मी काय सांगणार होते?

लोकांना मरणाची भीती वाटते ती काळोखाची वाटत असेल. मला वेगळी वाटते. मी तिकडे जाईन, दार वाजवीन, आत सगळी मंडळी बसलेली असेल, यजमान असतील. आतून कोणीतरी विचारील, कोण आहे. आणि फटीतून मला नीट पाहून कोणीतरी मोठ्याने सांगेल, कोणी नाही. अकोल्याला सुई टोचून झोपवतील तेव्हा मी याच दाराशी जाणार आहे, हे मला माहीत आहे.

कलम ६. घर. गाव अनसिंग येथील दोन खोल्या, मागचे अंगण, कडुनिंबासह, जे यजमानांनी माझ्या नावाने घेतले, ते संपूर्ण मी माझी मुलगी राखी भ्र. हरीओम, राहणार रिठद, हिला देत आहे. अट एकही नाही. तिने राहावे, भाड्याने द्यावे, विकावे. वर्गात बसावे असेही नाही, विश्वास वारसाने देता येत नाही. एक विनंती आहे, ती तिने नाकारली तरी हे कलम कायम राहील. तुळसाबाईच्या पायांत चालायचे बळ आहे तोवर बुधवारी तीन ते पाच पुढची खोली वर्गाला द्यावी. शिलाई मशीनही राखीलाच. तिला शिवता येते, तिला ते मीच शिकवले.

कलम ७. दार. गेल्या आठवड्यात सुतार बोलावून पुढच्या दाराची आतली कडी काढून टाकली आहे. चौकटीला चार भोके राहिली आहेत, ती बुजवू नयेत. उन्हाळ्यात दारावर ओले गोणपाट टाकावे, पण वर्ग चालू असताना दार लावू नये. आणि न उठण्याचा नियम आजपासून रद्द. हा नियम यजमानांचा होता, पण त्याच्या आड लपले ती मी.

कलम ८. राहिलेली वचने. आता आम्ही शेवटच्या अध्यायात, अठ्ठाविसाव्यात आहोत. दोनच वचने उरली. तिसाव्यात प्रेषित पौल रोममध्ये कैदी म्हणून पहारा असतानाही भाड्याच्या घरात दोन वर्षे राहतो आणि येईल त्या प्रत्येकाला आत घेतो. पाच बुधवार झाले, मी ते टाळत आहे. एकदा पोट दुखते म्हणाले, एकदा चष्मा सापडत नाही म्हणाले. पहाऱ्यातला परका माणूस भाड्याच्या घरात येईल त्याला घेतो, आणि माझे तर स्वतःचे घर होते. हे मी वर्गातल्या आठ जणींसमोर कोणत्या तोंडाने समजावू? माझ्या माघारी ते वचन राखीने वाचावे. ती नाही म्हणाली तर तुळसाबाईने वाचावे, खुलासा न करता.

येथवर काल लिहून झाले होते. आज सह्यांसाठी साक्षीदार बोलावले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असे वकिलांनी सांगितले होते. ते ऐकून बदरुन्निसा म्हणाली, "लय हुशार हाय तू भाभी. काही द्याले नको म्हनून साक्षीदार केलं." मग तिने सगळे वाचून घेतले, दुसरे साक्षीदार गोविंदसिंग यांच्याकडून, कारण तिला माझे अक्षर लागत नाही. वाचून झाल्यावर तिने पेन खाली ठेवला.

"सही करतो," ती म्हणाली. "पन आधी फोन लाव."

मी म्हणाले, सगळे लिहिले आहे की यात, तिला कळेलच. गोविंदसिंग हे रिटायर पोस्टमास्तर. ते म्हणाले, "बाई, हे टपाल तुमी गेल्यावर पोचणारं हाय. उत्तर कोण घेईन?"

राखीचा नंबर बदरुन्निसाकडे होता. नातीचे फ्रॉक तीच शिवते. दहा वर्षे नंबर समोरच्या घरात होता, मी मागितला नाही. तिने लावून माझ्या हातात दिला. हरीओमने उचलला. मी नाव सांगितले. मागून राखीचा आवाज आला, "कोण हाय जी?"

मी डोळे मिटले. तो काय म्हणेल ते मला ठाऊक होते. तो तसे म्हणाला असता तर त्याला बोल लावायला मला तोंड नव्हते.

"तुही माय हाय," हरीओम म्हणाला. "घे."

तिने घेतला. मी सांगितले, शुक्रवारी ऑपरेशन आहे. मग म्हणाले, त्या दिवशी मी तुला पाहिले होते.

"मालूम हाय," ती म्हणाली. "फटीत तुहा डोया दिसला होता मले."

बदरुन्निसा माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. राखीने विचारले, आता कोणता अध्याय चालू आहे. मी सांगितले. उरली किती, तिने विचारले. दोन वचने, मी म्हणाले, परवा बुधवारी तिसावे घ्यायचे आहे.

"पाहतो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पाहतो म्हणाली, येतो म्हणाली नाही. म्हणून वरील कलमांत मी काहीही बदललेले नाही. बुधवारी तीन वाजता खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवीन. वचन मी वाचीन, किंवा ती वाचील. सही वाकडी आली तरी ती माझीच आहे असे समजावे.

ठिकाण: अनसिंग, पुढची खोली, दार उघडे.
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५, सोमवार.

(सही) कौसल्या उकंडराव खिल्लारे

साक्षीदार:

१. (सही) गोविंदसिंग, सेवानिवृत्त पोस्टमास्तर, अनसिंग. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली.

२. (सही, उर्दूत) बदरुन्निसा मुनाफ, धंदा शिवणकाम, समोरचे घर. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. बावीस एप्रिललाही मी समोरच होते.