केबलचं मोकळं टोक

ती. आईस, तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. नोकरीही शाबूत आहे, पण सोमवारी ती थोडक्यात वाचली.

ऑफिसात सगळ्या कॉम्प्युटरांच्या केबली एका डब्यात येतात. तिथे एक टोक नुसतंच लोंबकळत होतं. माझी टापटीप तुला ठाऊकच आहे. मी ते रिकाम्या खाचेत बसवलं. पण त्या केबलचं दुसरं टोकही त्याच डब्यात होतं! कॉम्प्युटरमधून निघालेला निरोप फिरून तिथेच यायला लागला, एकाचे हजार झाले आणि अख्ख्या मजल्याचं इंटरनेट बंद पडलं. मी आपणहून चूक कबूल केली. आमचे मोठे वायरमन म्हणाले, "अरे शहाण्या, निरोप पोहोचवायचा असतो, गोल फिरवायचा नसतो." त्यांनी एक टोक उपसलं आणि सगळं सुरू झालं.

तुझ्या तपासणीचं ताईला विचारलं, तर ती म्हणते, बाबांना विचार. बाबा म्हणतात, आईला विचार. तू म्हणतेस, ताईला सगळं सांगितलंय.

आई, आता मीच एक टोक उपसतो. त्या गाठीबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते तुझ्या अक्षरात, जसंच्या तसं लिही. मी खाली बसून वाचेन.

तुझाच,
धाकटा