घरातले आवाज बाहेर नेईपर्यंत

मी, श्रीमती पद्मावती नामदेवराव भालकीकर, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त दूरध्वनी अभियंता, राहणार विद्यानगर, हैदराबाद, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली न येता आणि कोणाच्या गोड बोलण्यालाही न भुलता हे मृत्युपत्र स्वतः लिहीत आहे. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. ते यजमान गेले तेव्हा केलं होतं आणि त्यात सगळं एका ओळीत मुलाला दिलं होतं. आता इतक्या ओळी का लागल्या, ते पुढे येईलच.

शुद्धीबद्दल आधीच सांगून ठेवते. माझा मुलगा हर्षद गेले काही महिने नातेवाइकांना सांगत फिरतो की "आईचं डोकं त्या डब्यात अडकलंय." डबा म्हणजे माझ्या घरातलं सर्व्हर मशीन. म्हणून डॉ. गौतम हुमनाबादकर यांच्याकडून तपासून घेऊन त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला, तिथी सांगितली, आणि दवाखान्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलाय तो काढा, हेही सांगितलं. त्यांनी लगेच सही केली.

कलम १. संकेतस्थळ व मशीन

'आपली बोली' हे संकेतस्थळ मी निवृत्तीनंतर सुरू केलं आणि माझ्याच घरातल्या मशीनवर चालवलं. मशीन देवघराखालच्या कप्प्यात आहे, कारण इन्व्हर्टरची तार तिथवरच पोचते. "देवाखाली पंखा घरघरतो," असं सूनबाईंचं म्हणणं होतं. देवाने आजवर तक्रार केलेली नाही.

त्यावर हैदराबादच्या मराठी माणसांचे आवाज आहेत. बिदर, भालकी, उदगीर, देगलूरकडून निजामाच्या काळात इथे आलेल्या घरांतली म्हातारी माणसं, त्यांचं उर्दू-तेलुगू मिसळलेलं मराठी. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच की वेगळी, यावर दोन जावांचं भांडण आहे. रिक्षावाल्याशी केलेली घासाघीस आहे. लिहून न ठेवता आवाज ठेवले, कारण इथल्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही, ऐकता येतं. माझ्या नातीलाही, तन्वीला, वाचता येत नाही.

बोलणाऱ्यांतले बरेचसे आता नाहीत. गौलीगुड्यातल्या एका घराने पहिल्यांदा श्राद्धाच्या दिवशी पान वाढल्यावर फोटोजवळ फोन ठेवून गेलेल्या माणसाचा आवाज लावला. मग ती पद्धतच पडली. आज आपल्या लोकांत कित्येक घरी आधी आवाज लागतो, मग माणसं जेवायला बसतात. पितृपक्षात माझं मशीन इतकं तापतं की मी त्याच्यासमोर टेबलफॅन लावते.

कलम २. घडलं ते

पुढची अट यावर उभी आहे, म्हणून नोंदवते.

मशीन जुनं झालं, मीही झाले. संकेतस्थळ क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवायला माझी ना नव्हती. उलट मीच हर्षदला म्हणाले होते. तो मोठ्या कंपनीत हेच काम करतो. माझे धाकटे दीर मुकुंदराव मराठी मंडळाचे अध्यक्ष, ते म्हणाले, "वहिनी, खातं मंडळाच्या नावाने काढू, म्हणजे काम संस्थेचं होईल." झालं. खातं मंडळाच्या नावाने निघालं, किल्ली हर्षदकडे राहिली, आणि मला फक्त पानांवरचा मजकूर दुरुस्त करायची परवानगी मिळाली. मी पूर्ण परवानगी मागितली तर हर्षद म्हणाला, "आई, तू त्यात हात नको घालू. परेशान होशील."

मंडळाने जागा घेतली ती सगळ्यात लहान. तिच्यात पानं मावली, फोटो मावले, आवाज मावेनात. हर्षदने पानं तिकडे नेली आणि आवाजांच्या जागी तात्पुरता माझ्या मशीनचा घरातला पत्ता लिहून टाकला. हा पत्ता घरच्या वायफायवर असलेल्या फोनलाच कळतो. बाहेरच्या माणसाला इंटरकॉमचा नंबर देऊन "लावा फोन" म्हणण्यातला हा प्रकार आहे. मोठी जागा घेतली की आवाज नेऊ, असं त्याने ठरवलं होतं. मग तो ते विसरला. माझ्या सोफ्यावर बसून त्याने एकेक पान उघडलं, एकेक आवाज लावला, सगळे वाजले. "बघ आई, झालं की नाही?"

गणेशोत्सवात नामपल्लीच्या सभागृहात उद्घाटन झालं. मुकुंदरावांनी पडद्यावर स्वतःचं मनोगत दाखवलं, स्वतःचे फोटो दाखवले. एकही आवाज लावला नाही. मला शाल दिली, हर्षदला चांदीची मूर्ती दिली.

आणि लगेच पितृपक्ष लागला.

माझ्या यजमानांची तिथी माझ्या घरी झाली. पान वाढलं, फोन ठेवला, नामदेवराव बोलले. गौलीगुड्याच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना मी ते घेतलं होतं : "हा पट्टा नक्को घेऊ बाबा, दोन दिसांत तुटतो. हौ, माझ्याच दुकानातला हाय, म्हनून तर सांगालो." सगळे हसले. हर्षदने डोळे पुसले, ते मी पाहिलं.

आम्ही जेवायला बसलो आणि गौलीगुड्याच्या प्रशांत मुखेडकरांचा फोन आला. त्यांच्या वडिलांचीही तीच तिथी.

"काकू, बाबा बोलत नाहीत हो. नुसतं चाक फिरतंय. पान वाढून ठेवलंय, गुरुजी थांबलेत."

हर्षदने माझ्या हातातून फोन घेतला. "दादा, तुमचं नेट स्लो असेल. बंद करून चालू करा. आमच्याकडे आत्ताच लागलं ना!" फोन ठेवून मला म्हणाला, "लोकांना साधा फोन चालवता येत नाही."

सायली, माझी सून, वाटीकडे बघत म्हणाली, "परवा ऑफिसातून मी लावून बघितलं होतं. माझ्याकडेही नव्हतं वाजलं."

"तू मध्ये बोलू नकोस."

मी हात धुतले आणि जिना उतरून रस्त्यावर गेले. कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलापर्यंत माझ्या घराचं वायफाय पोचत नाही. तिथे उभी राहून लावलं. नामदेवराव बोलले नाहीत. कोणीच बोललं नाही.

त्याच्या बापाचा आवाज घरात वाजला, म्हणून सगळ्यांच्या बापांचा वाजतोय, असं त्याने धरलं. चूक इतकीच. चूक मी समजू शकते. चालू लाइन तोडणारे हुशार अभियंते मी नोकरीत पुष्कळ पाहिले. पण ते दुसऱ्या दिवशी ग्राहकाच्या दारात जाऊन माफी मागायचे. हर्षद आजवर मुखेडकरांच्या दारात गेलेला नाही. "वर्षातून एकदा तर लावतात," एवढंच म्हणाला. त्याच्या काकांनी भर घातली, "वहिनी, आवाज कोण ऐकतं? लोकांना फोटो बघायचे असतात."

प्रत्येक पानावर आवाजाचा पत्ता बदलून, बाहेरूनही लागेल असा, मी बसवला. तोवर पितृपक्ष संपला होता. त्या पंधरवड्यात किती घरांत पानासमोर माणसं गप्प बसून राहिली, ते मी विचारायला गेले नाही. माझी हिंमत झाली नाही.

आजची स्थिती अशी की पानं भाड्याच्या सर्व्हरवर आहेत आणि आवाज अजून माझ्या देवघराखाली. माझ्या घरची वीज तोडली की सगळे गप्प.

कलम ३. राहतं घर

विद्यानगरचा फ्लॅट माझ्या कमाईचा व माझ्या एकटीच्या नावाचा आहे. हर्षदने तो विकण्यासाठी गिऱ्हाईक पाहून ठेवलं आहे. मला हे त्याच गिऱ्हाइकाकडून कळलं. तो माणूस खिडक्या मोजायला आला तेव्हा मी घरातच होते. "अम्मा, आप अभी इधरच रैते क्या?" असं त्याने विचारलं. मी हो म्हणाले. त्याने माझ्या समोरच खिडकी मोजली.

हा फ्लॅट मी हर्षदला देते, पण पुढील अटी माझ्या वर्षश्राद्धापर्यंत पुऱ्या झाल्या तरच.

(अ) सगळे आवाज क्लाउडवरच्या पुरेशा जागेत त्याने स्वतः न्यावेत. हाताखालच्या पोरांकडून करून घेऊ नये.

(आ) तपासणी या घरात होणार नाही. ती गौलीगुड्याच्या बस स्टँडवर, मुखेडकरांच्या फोनवरून, माझ्या घरचं मशीन बंद ठेवून होईल. प्रत्येक आवाज हर्षदने सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा आहे. पुढे ढकलत ऐकणं धरलं जाणार नाही. बसचे भोंगे असतील, गर्दी असेल, बसायला जागा मिळणार नाही. एका दिवसात व्हायचं नाही, तर पुन्हा यावं.

(इ) सगळं वाजलं की नाही, हे प्रशांत मुखेडकर ठरवतील. त्यांचा शब्द अखेरचा.

(ई) तोपर्यंत फ्लॅटची वीज आणि इंटरनेट तोडू नये. 'डबा' हलवू नये. देव हलवायचे असतील तर हलवावेत.

अटी पुऱ्या न झाल्यास फ्लॅट आमच्या गल्लीतल्या विद्यार्थिनींच्या वसतिगृहाला जाईल, मशीन चालू ठेवण्याच्या बोलीवर. तिथल्या मुली दिवे कधीच बंद करत नाहीत. मशीनही करणार नाहीत.

कलम ४. ठेवी

बँकेतल्या ठेवींतून आधी वीज, इंटरनेट व नव्या जागेचं भाडं भरावं. उरेल ते तन्वीला. अट नाही. तिला एवढीच विनंती की कधीतरी आजोबांची पट्ट्याची गोष्ट तिने स्वतः म्हणून दाखवावी. 'सांगालो' तिच्या तोंडून कसं येतं, याची मला उत्सुकता होती.

कलम ५. सूनबाई

सायलीला माझ्या पाटल्या. आमचं फारसं पटलं नाही. ती पुण्याची, माझ्या 'हौ'ला हसायची. पण त्या दिवशी पंगतीत खरं बोलली ती एकटीच, आणि नवऱ्याने गप्प केल्यावर खाली हॉटेलापर्यंत माझ्या मागे आली. पाटल्या तिने वापराव्यात. लॉकरमध्ये ठेवल्या तर मला कळणार नाही, हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

कलम ६. हत्यारं

सोल्डरिंग गन, टेस्टर, तारा कापायची पक्कड, आणि लाइन तपासायचा जुना हँडसेट माझी भाची अ‍ॅड. श्रुती उदगीरकर हिला. ती वकील आहे, तिला याचा उपयोग नाही. पण हर्षद ते भंगारात घालेल आणि ती घालणार नाही, एवढं पुरे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करेल. मजकूर वाचून ती म्हणाली, "मावशी, हे जरा कडक होतंय." मी तिला म्हणाले, "हे कडक नाही, कडक ते अजून लिहायचंय."

कलम ७. मुकुंदराव

माझ्या दिरांना, श्री. मुकुंदराव भालकीकर यांना, उद्घाटनात मिळालेली शाल, घडी न मोडता, प्लॅस्टिकसकट परत. ती त्यांना पुढच्या सत्कारात वापरता येईल. गौलीगुड्याचं दुकान त्यांनी भावाच्या आजारपणात आपल्या नावावर कसं करून घेतलं, ते मी इथे उगाळत नाही. त्यांना ते माहीत आहे, आणि आता हे वाचणाऱ्या सगळ्यांनाही.

त्यांच्याबद्दलची एकच गोष्ट आवाजांशी संबंधित आहे. प्रत्येक आवाजाच्या सुरुवातीला, माणूस बोलायला लागण्याआधी, मी "हं, बोला" म्हणते. म्हातारी माणसं माइकसमोर बावरायची, म्हणून म्हणायचे. मुकुंदरावांचा आग्रह होता की हे कापावं. "वहिनी, ते घरगुती वाटतं. प्रोफेशनल दिसत नाही." हर्षदनेही मान डोलावली होती. क्लाउडवर नेताना ते कापायचं नाही. एकाही ठिकाणी नाही. कापलेलं आढळलं तर कलम ३ मधली अट मोडली असं समजावं.

कलम ८. माझ्यामागे

देह हर्षदने न्यावा. तो हक्क मी काढून घेत नाही. मंडळाच्या सभागृहात शोकसभा ठेवू नये आणि मुकुंदरावांना बोलू देऊ नये. ते थांबत नाहीत.

वर्षश्राद्धाला पान वाढल्यावर माझा आवाज लावायची वेळ येईल. हर्षद तेव्हा 'आपली बोली'वर माझं नाव शोधेल. ते सापडणार नाही. मी स्वतःचा आवाज कधी घेतला नाही. घ्यायला समोर कोणी बसलं नाही.

शोधत बसू नये. कोणाचाही आवाज लावावा. आधी मीच बोलते.

ठिकाण : विद्यानगर, हैदराबाद
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

सही
पद्मावती नामदेवराव भालकीकर

वरील मजकूर श्रीमती भालकीकर यांनी आम्हा दोघांना मोठ्याने वाचून दाखवला व आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या करत आहोत. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार १ : डॉ. गौतम हुमनाबादकर, विद्यानगर
साक्षीदार २ : प्रशांत मुखेडकर, गौलीगुडा