कपाटातल्या चाळीस गोळ्या

पोर्ट व्हिला, ९ ऑगस्ट

प्रिय हेलन,

महिनाभर पोच कळवली नाही, माफ कर. ग्लेनच्या आकडीच्या गोळ्यांचं पार्सल मिळालं.

ते यायच्या आदल्या आठवड्यात शेजारची लेइपाकोआ आली होती. तिच्या मुलीलाही आकडीच येते आणि इस्पितळातल्या गोळ्या संपल्या होत्या. म्हणाली, "मिसेस, पाचच द्या. तुमची नणंद गोळ्या पाठवते, माझी नुसते टोमणे!"

मी हसले आणि म्हणाले, "आमच्याही संपल्या गं."

कपाटात चाळीस होत्या. तुझं पार्सल चुकलं तर तुझ्या भावाचं, ग्लेनचं काय, ही भीती होती. की हे कारण मी नंतर शोधलं?

चौथ्या दिवशी शिंपले वेचताना मुलीला पाण्यातच आकडी आली. ती बुडाली.

आता लेइपाकोआ माझीच समजूत घालते, "तुमच्याकडे असत्या तर दिल्याच असत्या ना!"

तुझी,
रोझलिन

ता. क. उद्या लेइपाकोआला खरं सांगणार आहे.